अनेक साक्षींवरून पिकाची ओळख

उडीद कोणता व सोयाबीन कोणतें, हें यंत्रास शिकवितांना एकाच साक्षीवर भिस्त ठेवून चालत नाहीं. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह पानांचा रंग टिपतो. परंतु ऐन खरिपांत ढग आड येतात. सेंटिनेल-१ चे रडारकिरण ढगांतून पार जातात व पिकाची ठेवण सांगतात, रंग मात्र सांगत नाहींत. तिसरी साक्ष काळाची : अणदूरसारख्या शिवारांत उडीद सुमारें ७५ दिवसांत निघतो, सोयाबीन १०० दिवसांच्या आसपास, तूर दिवाळीनंतरहि उभी असते.

साक्षी जुळविण्याच्या रीती दोन. सर्व आंकडे एकत्र मांडून एकच निर्णय घेणें, ही पहिली. प्रत्येक साक्षीचा निर्णय निराळा घेऊन, तिच्या खरेपणाप्रमाणें वजन देऊन बेरीज करणें, ही दुसरी. हिच्यांत एक साक्ष न मिळाली तरी काम अडत नाहीं.

मात्र एकाच चुकीच्या दोन नकला म्हणजे दोन पुरावे नव्हेत. शिवाय यंत्र शिकतें तें शेतावरील नोंदींवरून. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद आपल्याच हातीं आली आहे. उडिदाच्या जागीं सोयाबीन लिहिलेली नोंद शिकवणीस घेतली, तर यंत्र तीच चूक शेजाऱ्याच्या शेतासहि लावील. म्हणून शेतकरी बंधूंनीं बांधावर उभें राहूनच खरी नोंद करावी.