शनिवार धावला तर रविवार बसतो

पोरी, निपाणीत तुझं बिऱ्हाड लागलं, आता रविवार तुझ्या हाती आला. माहेरी तो आयता मिळत होता. आई कधी उठते, मटण कधी शिजतं, तुझ्या फ्रॉकला इस्त्री कोण करतं, हे तुला विचारावं लागलं नाही. प्रभूचा दिवस घरात आपोआप उगवत नाही, त्याची तयारी लागते. बेळगावच्या या घरात सून म्हणून आल्यापासून मी जे जे निस्तरलं, त्यातून हाती राहिलेलं तुला सांगते. पटेल ते घे, बाकीचं पुढं पटेल.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. दहा आज्ञांतली चौथी, शब्बाथाची म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा (तुझी कॅथलिक शेजारीण तिला तिसरी म्हणेल, मोजणी वेगळी, आज्ञा तीच) नुसतं ‘तू काम करू नकोस’ एवढ्यावर थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावर, वेशीच्या आतला परका, सगळ्यांना ती मोजते. बायबलातल्या अनुवादाच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात तर कारणही दिलंय: तुम्ही मिसरात गुलामी सोसली आहे, तेव्हा तुमच्या दाराशी राबणाऱ्यालाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. त्या यादीत बायको नाही. तिला वेगळं सांगायची गरजच नव्हती, ती ‘तू’मध्ये धरलेली आहे. पण आपल्या घरांत नेमकी तीच गाळली जाते. सगळे उपासनेहून येऊन पाय पसरतात आणि ती पदर खोचते. जी विश्रांती दुसऱ्याच्या पाठीवर बसून मिळते, ती शब्बाथ नव्हे. एवढं धरलंस की पुढचं सगळं सोपं.

१. रविवार शनिवारी दुपारीच सुरू झाला असं समज — रानात इस्राएल लोकांसाठी देवानं दिलेला मान्ना पडायचा, ते त्यांचं अन्न, तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, आणि सातव्या दिवशी टोपली घेऊन गेलेल्यांना काही मिळालं नाही. शनिवार धावला तर रविवार बसतो.

२. मटण शनिवारी संध्याकाळीच आणायला सांग — रविवारी सकाळी खाटकापुढची रांग आणि देवळाची घंटा एकाच वेळेला असतात, आणि रांगेतल्या माणसाचं पहिलं गीत बुडतंच. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवून ठेव. दुसऱ्या दिवशी कांदा-लसूण चटणी घालून एक उकळी दिली की झालं, मुरलेल्या मटणाची चव वर बोनस.

३. कडक भाकरीची सवय लाव — ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजून झाली की मंद आचेवर पापडासारखी वाळू द्यायची आणि गार झाल्यावरच डब्यात भरायची. ऊन भरलीस तर वाफेनं सगळी मऊ पडते. शेंगदाण्याची चटणी, दही, फोडलेला कांदा आणि ही भाकरी असली की रविवारी रात्री गॅस लावायलाच नको. चूल निजली तर चुलीपुढची निजते.

४. पोरांचे कपडे, मोजे, बूट शनिवारी रात्री एका खुर्चीवर काढून ठेव, आणि मोजे जोडीने आहेत का बघ — रविवारची निम्मी भांडणं एका हरवलेल्या मोज्यापासून सुरू होतात.

५. अर्पणाचे पैसे आदल्या रात्री पाकिटात घाल, मुलांच्या हातात त्यांचं त्यांचं वेगळं दे — उंबऱ्यात खिसे चाचपून निघतं ते उरलंसुरलं असतं.

६. नवरा-बायकोचं काही बिनसलं असेल तर शनिवारच्या जेवणाआधी बोलून टाका — तोंड फिरवून शेजारी बसलेल्या दोघांच्या मध्ये प्रवचन शिरत नाही.

७. शनिवारी दिवेलागणीला पाच मिनिटं सगळे एकत्र बसा, एक गीत, एक लहान प्रार्थना. लांबवू नकोस — लहान असलेलं दर आठवड्याला टिकतं.

आता खास तुझ्या निपाणीचं. तुझ्या गल्लीत घरोघरी बायका विड्या वळतात. तुझ्या सासूबाईंनीही उभा जन्म वळल्या. त्या कामाला सुट्टी कशी नसते ते तू आता रोज बघशील. कारखान्यातून पान, जर्दा आणि दोरा घरी येतो, मजुरी हजारावर. संध्याकाळी टेंभुर्णीचं पान भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, पहाटे मऊ झालं की कात्रीनं एका मापाचं कापायचं आणि सुपात घेऊन बसायचं. एकदा पान भिजलं की त्याला थांबवता येत नाही, ठेवलं तर बुरशी धरतं. म्हणून:

८. शनिवारी संध्याकाळी पान भिजवायचंच नाही — भिजलं पान झोपू देत नाही. कोरडं पान सोमवारपर्यंत निमूट पडून राहतं.

९. रविवारची मजुरी बुडते म्हणून सासूबाई कुरकुरतील, तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. बाकीच्या दिवशी तू त्यांच्याजवळ बसून थोडं थोडं वळू लाग — त्यांना विसावा नको असं नाही, त्यांना बुडालेल्या पैशाची भीती आहे. आणि हे त्यांच्या कानावर घाल की विडी कारखान्यातल्या कामगारांना आठवड्याची एक सुट्टी १९६६ च्या कायद्यानंच दिली होती. मागून घेतलेली भीक नव्हे ती.

१०. भांडीवालीला रविवारी बोलवू नकोस आणि त्या दिवसाचे पैसेही कापू नकोस — ती तुझ्या दाराशी आहे, आज्ञेतल्या यादीत आहे. मग भांडी कोण घासणार असं विचारशील. जावईबापूंना दोन हात आहेत.

हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नकोस. पुरुषानं रविवारी भांडी घासली की मुलगे बघतात आणि पुढं त्यांच्या बायकांचा रविवार वाचतो.

११. रविवारी एकाच पातेल्यातलं जेवण कर, फार तर सोबत कोशिंबीर — चार पदार्थ म्हणजे चौदा भांडी.

१२. उपासनेला दहा मिनिटं आधी जा. पाळकसाहेबांसाठी नव्हे — आत जाऊन गप्प बसायला जो वेळ मिळतो, आठवड्यात तेवढ्याच वेळात तुला कुणी हाक मारत नाही.

१३. उपासना कुठल्या भाषेतली यावर घरात तंटा नको. एक रविवार मराठीला, एखादा कन्नडलाही जा — इथं बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली आले, पुढं १९०४ मध्ये ते काम मेथडिस्टांकडं गेलं, आणि आपल्या मंडळ्या दोन्ही भाषांत वाढल्या. सीमेचा वाद कचेरीत चालू दे, देवळाच्या बाकावर आणू नका.

१४. घरी आल्यावर आधी बस, मग पदर खोच — दहा मिनिटं उशिरा जेवल्यानं कुणी मेलेलं नाही.

१५. दुपारी झोप. अपराध्यासारखी नव्हे, दार लोटून, पांघरूण घेऊन — देवानेही सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि तो काही थकला नव्हता.

१६. फोन कपाटात ठेव, घंटी चालू असू दे — अडीअडचणीचा माणूस फोन करतो, बाकीचे मेसेज करतात. मेसेज सोमवारपर्यंत शिळे होत नाहीत.

१७. भिशीचा हिशेब, उधारी, दुकानाची वही, यांतलं काहीच रविवारी उघडू नकोस — रविवारी मागितलेली उधारी सोमवारी शिव्या घेऊन येते.

१८. नळाला नेमकं रविवारी पाणी आलं तर बेधडक भर, ताप आलेल्याला दवाखान्यात ने, गाभण म्हैस अडली तर बाह्या सरसाव — विहिरीत पडलेला बैल शब्बाथ आहे म्हणून कोण वर काढत नाही, असं प्रभूनेच विचारलं होतं. दिवस माणसासाठी आहे.

यावरून आठवलं. शेजारपाजारचे विचारतील, हे तुमचं काय खूळ, कामधंदा सोडून दिवसभर बसायचं? तेव्हा लाजू नकोस आणि तोराही मिरवू नकोस. विसाव्याचा दिवस या मातीला नवा नाही. आपल्याच भागात किती शेतकरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत ते बघ; महादेवाचा वार, बसवण्णाचा वार म्हणून बैल त्या दिवशी मोकळा. कोकणात बेने इस्रायल यहूदी लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नावच दिलं ‘शनवार तेली’. नुसत्या धंद्यावरून नव्हे, न केलेल्या धंद्यावरूनही ओळखलेली माणसं! मला त्यांचा फार अभिमान वाटतो. सगळ्या गावाला दिसेल इतक्या नेमानं ते पिढ्यान्‌पिढ्या थांबत आले.

आणि आज कामगारांना मिळणारी रविवारची सुट्टी? ती साहेबानं आपल्या देवळापायी वाटली असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे ती मागून घेतली नारायण मेघाजी लोखंड्यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. गिरणीतली माणसं आठवड्याचे सातही दिवस राबायची. लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं, रविवार मागितला. रविवार हा खंडोबाचा वार, तो आमच्या कामगाराला मोकळा हवा, हेही त्यांनी सांगितलं. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारी सुट्टी मिळू लागली. तेव्हा आपण देवळात बसतो तो मोकळा वेळ एका सत्यशोधकानं खंडोबाच्या नावानं मिळवून दिलाय. रविवारच्या प्रार्थनेत त्यांचे आभार मानायला काय हरकत आहे? मी मानते.

१९. कुणी म्हणेल, खरा शब्बाथ शनिवारच, तुमचा रविवार चुकीचा. पुण्याच्या स्पायसर विद्यापीठाकडचे आपले ॲडव्हेंटिस्ट नातलग शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत पाळतात. त्यांना चहा दे, वाद घालू नकोस — आपण प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस धरतो, ते सृष्टीचा सातवा धरतात, आणि दोघांनाही थांबायचंच आहे.

२०. घरात नर्स असेल, बसवर कंडक्टर असेल, रविवारी ड्यूटी लागेल. त्याला टोचून बोलू नकोस. त्याच्या सुट्टीच्या वाराला घरातला रविवार कर, त्याच वारी कडक भाकरी आणि त्याच वारी दुपारची झोप — वार कॅलेंडर ठरवतं, विसावा घर ठरवतं.

२१. मुलांसाठी रविवार हा ‘नको’चा दिवस करू नकोस. खेळू दे, गाऊ दे, संध्याकाळी इकडे आलात तर किल्ला तलावाकडं फिरायला ने — ज्या दिवशी नुसती बोलणी खाल्ली, तो दिवस मोठेपणी पोरं पाळत नाहीत.

२२. रविवारचा क्लास बंद कर, रविवारची परीक्षा बुडवू नकोस — क्लास आपण निवडतो, परीक्षेची तारीख दुसरं कुणी ठरवतं. परीक्षेच्या सकाळी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कर आणि वेळेत पाठव.

२३. दुपारी चारनंतर एका म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाकडं जाऊन ये, रिकाम्या हातानं गेलीस तरी चालेल — खाऊ नेलास की ते माणूस बिचारं उठून चहा करायला लागतं आणि त्याचा विसावा जातो.

२४. पहिले दोन-तीन महिने सगळं जमणार नाही. एखाद्या शनिवारी पाहुणे येतील, दूध नासेल, इस्त्री राहील. चुरगळलेल्या शर्टानं जाऊ दे घरच्यांना — देव इस्त्री बघत नाही, मंडळीतल्या बायका बघतात, आणि त्यांच्यासाठी तर आपण जात नाही.

२५. रविवारी रात्री सोमवारच्या डब्याची भाजी चिरायला बसू नकोस — घरातल्या बाईचा दिवस संध्याकाळी सातलाच संपला तर तो पूर्ण दिवस कसला? सोमवारी मोड आलेल्या मटकीची उसळ ठेवायचा नेम कर. शुक्रवारी रात्री भिजव, शनिवारी फडक्यात बांध, रविवारी मोड त्यांचे ते येतात.

२६. आणि आज्ञेच्या यादीतला शेवटचा माणूस विसरू नकोस, वेशीच्या आतला परका. तुमच्या मंडळीत घरापासून लांब राहणारं कुणी ना कुणी असतंच: दवाखान्यातली केरळची नर्स, वसतिगृहातला मुलगा, एकटी राहणारी निवृत्त बाई. दर रविवारी एकाला जेवायला आण, आधी सांगून — आयत्या वेळी बोलावलेला माणूस संकोचानं अर्धपोटी जेवतो. दोन वाट्या तांदूळ शनिवारीच जास्त निवडून ठेव, आणि ताट मांडायला मुलांना सांग.