दोष हाताचा की बियांचा?
एस्प्रेसो शिकणाऱ्याने स्वस्तात कॉफी कशी निवडावी

पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापूरला गाड्या थांबतात. प्रवासी उतरतात आणि चहा मागतात. आता काही जण कॉफीही मागू लागले आहेत. समजा, तुमच्या मामाने तेथे छोटा गाळा घेतला आणि उसनवारी करून एस्प्रेसोचे एक जुने यंत्र आणले. पहिल्या दिवशी कॉफी आंबट झाली, दुसऱ्या दिवशी कडू झाली, तिसऱ्या दिवशी नुसते तपकिरी पाणी आले. मामा म्हणतो, “मला जमत नाही.” मामी म्हणते, “बियाच वाईट असतील.” दोघांपैकी खरे कोणाचे? पैसे हातात थोडे आहेत, म्हणून याचे उत्तर लवकर हवे. ते शास्त्राच्या मदतीने कसे शोधायचे, ते आपण पाहू.

एस्प्रेसो म्हणजे काय?

साखर कारखान्यात उसाचे चिपाड पुन्हा पुन्हा दाबतात आणि त्यावर पाणी मारतात. चिपाडात उरलेली साखर त्या पाण्यात उतरते. विरघळणारा पदार्थ असा द्रवाने काढून घेणे, यालाच निष्कर्षण म्हणतात. कॉफी करणे म्हणजेही निष्कर्षणच.

इटलीतील तुरीन शहराच्या अँजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा याने एकेक पेला झटपट करून देणारे यंत्र पुढे आणले. १९४०च्या दशकात आकिले गाजिया याच्या दांडीच्या यंत्राने दाब खूप वाढवला आणि कॉफीवर सोनेरी फेसाचा थर दिसू लागला. या थराला क्रेमा म्हणतात.

आज एस्प्रेसोसाठी पाणी सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापवतात आणि सुमारे ९ वातावरणांच्या दाबाने दाबून बसवलेल्या बारीक पुडीतून सोडतात. घरच्या कुकरमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाने जास्त असतो, यावरून कल्पना करा. शिकणाऱ्याने एक माप पाठ करावे : १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंद आणि पेल्यात ३६ ग्रॅम कॉफी.

पाणी फार लवकर पडले तर पुरेसा अर्क उतरत नाही आणि चव आंबट व पातळ लागते. तेव्हा दळण बारीक करावे. पाणी फार हळू पडले तर नको तेवढे उतरते आणि कडवटपणा येतो. तेव्हा दळण भरड करावे. नियम सोपा आहे. मात्र तो लागू पडायला बिया ताज्या हव्यात.

ताजेपणाचे रहस्य

हिरव्या कॉफीबीला कॉफीचा वास जवळजवळ नसतो. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटताना रंग आणि वास कसा पालटतो, ते तुम्ही पाहिले असेल. बी भाजतानाही असेच होते. आतील शर्करा आणि प्रथिने यांच्या रासायनिक क्रियांतून शेकडो सुगंधी पदार्थ तयार होतात. त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड वायूही तयार होतो आणि बीच्या बारीक छिद्रांत अडकून राहतो. दाबाखालील पाण्यात हा वायू विरघळतो. कॉफी पेल्यात पडताच दाब कमी होतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. तोच क्रेमा.

भाजल्यानंतर हा वायू हळूहळू निघून जातो. हवेतील ऑक्सिजन तेलांवर क्रिया करतो आणि खवट वास येतो. म्हणून शिळ्या बियांना फेस येत नाही, त्यांतून पाणीही भरभर जाते. शिकणारा दळण बारीक करतो, पूड जास्त घालतो, तरी कॉफी जमत नाही. दोष बियांचा असतो आणि तो स्वतःला दोष देतो.

अगदी आज भाजलेल्या बियाही चालत नाहीत. वायू फार असल्याने पाण्याची धार वेडीवाकडी येते. भाजल्यापासून सुमारे एक आठवड्याने सुरुवात करावी आणि पुढील तीन-चार आठवड्यांत पाकीट संपवावे. यासाठी पाकिटावर भाजल्याची तारीख हवी. नुसती “अमुक महिन्यापर्यंत वापरा” ही तारीख आपल्या उपयोगाची नाही.

कोणती जात, कोणती प्रत?

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. निरेच्या कालव्यावर ऊस होतो, पण कॉफीला डोंगरउतार, सावली आणि भरपूर पाऊस लागतो. महाराष्ट्रात विदर्भातील चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते. आपल्याकडे येणारे बी मुख्यतः कर्नाटकातील चिकमगळूर, कोडगू, हासन या भागांतले असते. बाबा बुदन या साधूने येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी तिकडे आख्यायिका आहे.

मुख्य जाती दोन. अरेबिका सुमारे १००० ते १५०० मीटर उंचीवर चांगली येते. तिचा वास नाजूक आणि चवीत किंचित आंबटपणा असतो. रोबस्टा त्याखालच्या उंचीवर येते, रोगांना सहसा दाद देत नाही आणि बहुधा स्वस्त मिळते. तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट असते. ती कडवट असते, पण तिचा क्रेमा दाट येतो. दुधात तिची चव हरवत नाही आणि आपल्याकडे कॉफी बहुतेक दुधातूनच पितात. म्हणून शिकणाऱ्याने तीन भाग अरेबिका आणि एक भाग रोबस्टा असे मिश्रण घ्यावे. खर्चही वाचतो.

व्यापारात काही शब्द भेटतात. फळाचा गर काढून, बी धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला “प्लँटेशन” म्हणतात आणि तशाच रोबस्टाला “पार्चमेंट”. फळ सालीसकट वाळवले तर ती “चेरी”. चेरी स्वस्त असते, पण चव रांगडी असते. “एए”, “ए”, “बी” ही अक्षरे बीचा आकार सांगतात, चव सांगत नाहीत. “पीबी” म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेले. केवळ त्या आकारासाठी शिकणाऱ्याने जास्त पैसे मोजू नयेत. मात्र तुकडे झालेले बी घेऊ नये. तुकडे लवकर करपतात आणि दळणही एकसारखे होत नाही.

भाजणी मध्यम किंवा किंचित गडद असावी. फिकट भाजलेले बी टणक असते. त्याचा अर्क काढणे नवशिक्याला अवघड जाते. काळेकुट्ट, तेलकट बी घेतले तर करपटपणाखाली सगळे दोष झाकले जातात आणि तेलाने चक्कीही चिकटते.

चिकोरी मिसळलेली पूड या कामाला घेऊ नये. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन नसते, पण ती झटकन विरघळून गडद रंग देते आणि शिकणारा फसतो. मिश्रणात चिकोरी किती टक्के आहे, हे पाकिटावर छापलेले असते. ते वाचा.

हिशेब मांडू

समजा, ताज्या बियांचा भाव किलोला ६०० रुपये आणि जुन्या पडलेल्या बियांचा ४०० रुपये आहे. १८ ग्रॅमला अनुक्रमे १० रुपये ८० पैसे आणि ७ रुपये २० पैसे पडतात. सरावाच्या ३० पेल्यांना ३२४ आणि २१६ रुपये. वाचले १०८ रुपये. पण त्या २१६ रुपयांत मामा काहीच शिकला नाही, तर स्वस्त कोणते? उलट १२०० रुपये किलोचे बीही आज नको. हात बसेपर्यंत त्यातला फरक कळणारच नाही.

आणखी एक गोष्ट. दर वेळी वेगळे पाकीट आणू नये. एकाच भाजणीचे अर्धा किलो बी घ्यावे. त्यातून सुमारे २७ पेले होतात. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. तसेच येथेही बी, पूड आणि पाणी तेच ठेवून फक्त दळण बदलावे आणि वहीत वेळ व वजन लिहावे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांवर जातो आणि उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होतात. म्हणून बी हवाबंद डब्यात, काळोख्या, गार जागी ठेवावे.

पाणीही पाहावे. विहिरीचे पाणी बरेचदा जड असते. त्याने यंत्राच्या बंबात पांढरा थर बसतो आणि कॉफीची चव मंदावते.

करून पाहा

(गरम पाणी मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली वापरा. यंत्राला मुलांनी हात लावू नये.)

१. काचेच्या पेल्यात दोन चमचे ताजी दळलेली पूड घ्या आणि ती भिजेल इतकेच गरम पाणी ओता. पूड फुगून फेस आला तर बी ताजे. नुसता चिखल झाला तर शिळे.

२. पेलाभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाका. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी तपकिरी रेघा सोडत तळाशी जाते.

३. विहिरीचे, नळाचे आणि पावसाचे पाणी तीन बाटल्यांत सारखे घ्या. प्रत्येकात साबणाच्या पाण्याचे पाच थेंब टाकून हलवा. ज्यात फेस कमी, ते पाणी जास्त जड.

पहिला प्रयोग मामासमोर करा. पूड फुगली, तर मामाला सांगा, “बिया चांगल्या आहेत, दळण बदलून पाहू.” फुगली नाही, तर मामीचे म्हणणे खरे, आणि मामाने खचून जाण्याचे कारण नाही.