मुलांसाठी धावण्याआधी सिकलसेलची तपासणी

मुलांच्या आरोग्यासाठी धावायचे आणि त्यातून मदतनिधी उभा करायचा, ही रीत आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. तिथे धावणारी माणसे ओळखीपाळखीच्या लोकांकडून एखाद्या संस्थेच्या कामासाठी देणगी गोळा करतात. गडचिरोलीत पोलीस दलाने 2023 साली महामॅरेथॉन घेतली. भीमजयंतीच्या निमित्ताने वस्तीतली तरुण मंडळीही धाव ठेवतात. चांगलेच आहे. फक्त आपल्या जिल्ह्यांत धावेच्या आधी एक काम करायला हवे.

चंद्रपूर-गडचिरोलीत आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेल आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 सालीच त्यावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. या आजारात प्राणवायू कमी पडला किंवा अंगातले पाणी आटले की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. जोरात धावताना, तेही आपल्या एप्रिलच्या उन्हात, नेमके हेच दोन्ही घडते.

म्हणून आपले मूल एसएस आहे की एएस, हे माहीत असले पाहिजे. एसएस म्हणजे आजार असलेले. अशा मुलाला शर्यतीत पळवू नये. त्याने हळू चालावे, दमले की बसावे, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच खेळावे. ते मागे राहते म्हणून त्याला 'आळशी' म्हणणारे आपल्यातच असतात, घरातसुद्धा. ती आळस नव्हे, रक्ताची कमतरता असते.

एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो आणि तो धावू शकतो. अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. मात्र अतिश्रमाने स्नायू खराब होण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त होते. या सैन्यात पाणी आणि विश्रांतीचे नियम सगळ्यांनाच लागू असतात, हे विसरू नये. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी पहाटे पळणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात घ्यावे: सराव हळूहळू वाढवा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या, तापात पळू नका. मांड्या-पोटऱ्या एकदम दुखून गळाल्या किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थेट दवाखाना गाठा.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. बोटातल्या थेंबभर रक्ताच्या सोल्युबिलिटी चाचणीत सिकलसेल आहे की नाही, एवढेच कळते. एएस की एसएस, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची चाचणी लागते. पहिल्या चाचणीवर थांबणारे बरेच असतात, तसे करू नका. आईवडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक अपत्य एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. सोयरीक जुळवताना पत्रिकेपेक्षा हा कागद पाहिलेला बरा.

धाव ठेवणाऱ्या मंडळांना आमचे सांगणे आहे. धावेच्या दोन आठवडे आधी आरोग्य सेविकेला, आशाताईंना बोलावून बुद्धविहारात तपासणी ठेवा. धाव सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत संपवा. ठरावीक अंतरावर पाणी आणि सावली ठेवा. एसएस मुलांना मागे ठेवू नका; झेंडा दाखवायला, पाणी वाटायला त्यांनाच पुढे करा.

जमलेला पैसा टी-शर्ट आणि चषकांत संपू नये. एसएस मुलाला फोलिक ॲसिड आणि काहींना हायड्रॉक्सियुरिया दीर्घकाळ, नियमित घ्यावे लागते. औषध सरकारी दवाखान्यात मिळते, पण आतल्या गावातून जिल्ह्याला जायचे तर मजुरी बुडते आणि बसभाडे लागते. ते भाडे या निधीतून द्या. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश आहे; प्रमाणपत्राच्या कागदपत्रांचा आणि फेऱ्यांचा खर्चही त्यातून निघू शकेल. धावायला आलेल्या तरुणांची नावे रक्तगटासह वहीत लिहून ठेवा. आजारी मुलाला रात्री-बेरात्री रक्त लागते, तेव्हा ती वही विहारात हाताशी असावी.