आधी कानावर पडलं, तेच मूळ

२००८ च्या ऑक्टोबरात एक्झोडस या कॅलिफोर्नियातल्या थ्रॅश मेटल बँडनं स्वतःचाच पहिला अल्बम पुन्हा रेकॉर्ड करून बाजारात आणला. १९८५ च्या 'बॉन्डेड बाय ब्लड'चं नवं नाव 'लेट देअर बी ब्लड'. गाणी तीच, क्रम तोच, शेवटी एक जास्तीचं. कोथरूडमधल्या एका फ्लॅटवर आम्ही चौघांनी तो रविवारी सकाळी ऐकला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत आमच्यातल्या दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. तेव्हापासून असे दुसऱ्यांदा केलेले अल्बम मी मुद्दाम शोधून ऐकत आलोय आणि त्यांच्यावरून भांडतही आलोय. त्या भांडणांतून हाती लागलेलं हे थोडंफार.

१. आपण ज्याला मूळ म्हणतो, ते बहुधा आपल्यापर्यंत आधी पोचलेलं असतं.

१९९३ साली मी अकरावीत होतो. 'बॉन्डेड बाय ब्लड' माझ्याकडे आला तो मित्राच्या थोरल्या भावानं भरून दिलेल्या साठच्या कॅसेटवर. त्याची कॅसेटही कुणाकडून तरी भरून घेतलेलीच. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची आणि अल्बम चाळीस मिनिटांचा. त्यामुळे आठवं गाणं, 'डिलिव्हर अस टू ईव्हिल', सुरू होतं न होतं तोच टू-इन-वनचं बटण खट् करून वर यायचं. कॅसेट उलटवली की तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या लेखी त्या गाण्याला दोन सुरुवाती होत्या आणि मधे एक खट् होतं.

शिवाय मधल्या कुठल्या तरी डेकमध्ये गडबड असणार, कारण सगळा अल्बम अर्धा सूर चढा वाजायचा. आमच्यातला गिटारवाला कॅसेटच्या जोडीनं वाजवायचा, म्हणून तारा तेवढ्याच चढवून ठेवायचा. महिन्याला एक तरी तार तुटायची. पुढे मावसभावानं अमेरिकेहून सीडी आणली तेव्हा आम्ही एकमतानं निकाल दिला: सीडी संथ आहे, हिच्यात दम नाही!

तर २००८ साली 'मूळची सर नाही' असं मी छातीठोकपणे म्हणालो, तेव्हा मूळ म्हणजे काय म्हणत होतो? बँडनं खरोखर केलेला अल्बम पचायला मला स्वतःलाच दोन वर्षं लागली होती.

२. पुन्हा का केलं, हे ऐकण्याआधी विचारावं.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द-चालीची, ती बहुतेक वेळा लिहिणाऱ्याकडे राहते. दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची. ती बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे जाते. करारात सहसा अटही असते की ठरावीक वर्षं तेच गाणं दुसरीकडे रेकॉर्ड करायचं नाही. ती मुदत संपली की बँडला नवं मास्टर करून जाहिरात-सिनेमाचे पैसे स्वतःच्या खिशात घालता येतात. डेफ लेपर्डनं २०१२ मध्ये हेच केलं. डिजिटल विक्रीच्या दरावरून कंपनीशी बिनसलं होतं, म्हणून 'पोर सम शुगर ऑन मी' आणि 'रॉक ऑफ एजेस' ही दोन गाणी जुन्याशी हुबेहूब जुळतील अशी नव्यानं केली. त्यांच्या गायकानं स्वतःच त्यांना 'फोर्जरी' म्हटलं. असल्या रेकॉर्डिंगमध्ये आत्मा शोधणं म्हणजे खरेदीखतात कविता शोधणं.

एक्झोडसचं तसं नव्हतं. त्यांच्या पहिल्या अल्बमचा गायक पॉल बॅलॉफ २००२ च्या फेब्रुवारीत पक्षाघातानं गेला होता. त्याला मानवंदना, आणि जुन्या गाण्यांना आजचा आवाज, असा दुहेरी हेतू होता. टेस्टामेंटनं २००१ मध्ये 'फर्स्ट स्ट्राइक स्टिल डेडली' केला, तेव्हा पहिल्या दोन अल्बममधली गाणी निवडून नव्या यंत्रांवर वाजवली आणि त्यासाठी जुना गिटारवादक अ‍ॅलेक्स स्कोल्निक परत आला. पैसा, श्राद्ध आणि हौस या तीन कारणांना एकच तराजू लावला की भांडण फुकट जातं.

३. 'आवाज सुधारला' ही तक्रारही असू शकते.

'बॉन्डेड बाय ब्लड' १९८४ च्या उन्हाळ्यात कोटाटी गावातल्या प्रेअरी सन स्टुडिओत रेकॉर्ड झाला. ही जागा पूर्वी कोंबड्यांचं फार्म होती. वाजवणारी पोरं विशीतली. त्या अल्बममध्ये सगळं एकमेकांवर आदळतं. गिटारी एकमेकींत मिसळतात, गायकाचा आवाज लांबच्या बोगद्यातून येतो, ड्रम्स रिफच्या पुढे धावल्यासारखे वाटतात. २००८ च्या अल्बममध्ये दोन्ही गिटारी सुट्ट्या ऐकू येतात, बास नावाचं वाद्य या बँडमध्ये आहे हे पहिल्यांदा कळतं. आमचा गिटारवाला खूश: "अरे, हा रिफ मी पंधरा वर्षं चुकीचा वाजवतोय!"

आज बहुतेक स्टुडिओत ड्रमर कानात ठोक्याची टिकटिक ऐकत वाजवतो, चुकलेला ठोका नंतर पडद्यावर सरकवता येतो, आणि शेवटी सगळ्याचा आवाज दाबून एका उंचीवर आणतात. चुका जातात. पण थ्रॅशमध्ये काही चुका म्हणजे वेगाचा पुरावा असतो. हातगाडी उतारावर सुटली की तिचा खडखडाट ऐकूनच पोटात गोळा येतो. चाकांना तेल घालून तीच गाडी तितक्याच वेगानं नेली, तर गोळा येत नाही.

४. गायक बदलला की बाकी चौघांचं कुणी ऐकत नाही.

जुन्या अल्बममधले फक्त दोघं नव्यात आहेत: गिटारवादक गॅरी होल्ट आणि ड्रमर टॉम हंटिंग. गिटारीवर रिक ह्युनोल्टच्या जागी ली अल्टस, बासवर रॉब मॅकिलॉपच्या जागी जॅक गिब्सन. त्या रविवारी या बदलांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळं भांडण रॉब ड्यूक्सवरून झालं, कारण तो बॅलॉफच्या जागी गात होता.

बॅलॉफ सुरात गायचा असं त्याचे भक्तही म्हणत नाहीत. तो ओरडायचा, श्वास संपला की ओळ अर्धवट टाकायचा, आणि हे सगळं त्याला खरंच करायचंय असं वाटायचं. ड्यूक्सचा आवाज जाड, तालाला पक्का, शब्द न शब्द कळणारा. आमच्यातला एक जण म्हणाला, "हा चांगला गातोय, तोच तर प्रॉब्लेम आहे." दुसऱ्याचं म्हणणं, की ड्यूक्सनं बॅलॉफची नक्कल केली असती तर तूच पहिला हसला असतास. या दोघांनीच पुढे बोलणं सोडलं. माझ्या मते त्या दिवसाची ही दोन सगळ्यात शहाणी वाक्यं होती आणि दोन्ही खरी होती.

भांडण मिटवायला तिसऱ्यानं १९९७ चा 'अनदर लेसन इन व्हायलन्स' लावला. बॅलॉफ बँडमध्ये परतला होता तेव्हाचा तो सॅन फ्रान्सिस्कोमधला लाइव्ह अल्बम. बहुतेक तीच गाणी, गायक तोच, आवाज भरदार. हा असताना पुन्हा स्टुडिओत जायची गरज काय होती, हा चाहत्यांचा खरा बिनतोड मुद्दा. एक्झोडसच्या कुठल्याही जाणकारासमोर तो मांडून बघा, पलीकडून पटकन उत्तर येत नाही.

५. वडिलांना हसण्याआधी थोडं थांबावं.

बाबा शास्त्रीय संगीताचे कानसेन. आमची वादावादी त्यांनी आतल्या खोलीतून एकदा ऐकली होती. "आमचा गवई तोच यमन रोज वेगळा गातो. आम्ही तिकिटाचे पैसे परत मागत नाही," असं म्हणून ते हसले होते. मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर २०१५ मध्ये मिळालं. 'कट्यार काळजात घुसली' सिनेमा आला, बाबांना घेऊन गेलो. १९६७ च्या नाटकातली अभिषेकीबुवांची पदं इथे नव्यानं गायलेली, खाँसाहेबांच्या तोंडी, नाटकात ती भूमिका गाजवलेल्या वसंतराव देशपांडेंच्या नातवाचा, राहुल देशपांडेंचा आवाज. बाबा डोळे पुसत बाहेर आले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "चांगलं केलंय. पण..." आणि पुढे पौड फाट्यापर्यंत त्या 'पण'चाच विस्तार झाला. वसंतरावांची ती जागा, ती फेक, ते अंगावर येणं. मी म्हटलं, "बाबा, गवई रोज वेगळा गातो ना?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "राग वेगळा गातात रे. हे पद आहे."

मला वाटतं, मुद्दा त्यांनी नेमका पकडला. रागाचं मूळ कुठल्याच एका मैफिलीत नसतं, म्हणून प्रत्येक मैफल नवी चालते. रॉकचं गाणं मात्र जन्मतःच ध्वनिमुद्रण असतं. त्या खोलीतला तो प्रतिध्वनी, तो फाटका आवाज हाही त्या गाण्याचाच भाग. चाहता हट्टी असतो हे खरं, पण तो उगाच हट्टी नसतो.

६. नवं आणलं तर ऐकावं, जुनं काढून घेतलं तर भांडावं.

२००२ मध्ये ऑझी ऑस्बोर्नचे पहिले दोन एकल अल्बम, 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन', पुन्हा बाजारात आले. गिटार रँडी ऱ्होड्सचीच होती; तो तर १९८२ मध्येच विमान अपघातात गेलेला. पण बॉब डेझलीचा बास आणि ली कर्स्लेकचे ड्रम्स पुसून टाकले होते. मानधन आणि श्रेय यांवरून या दोघांचं ऑस्बोर्नांशी कोर्टात चाललं होतं. त्यांच्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांनी नव्यानं वाजवलेलं भरलं. दोघंही तयारीचे वादक, त्यांच्या वाजवण्यात खोट नव्हती. तरी चाहते खवळले आणि मला वाटतं, बरोबर खवळले. एक्झोडसनं जुन्या घराशेजारी नवं घर बांधलं होतं. इथे जुन्या घराच्या भिंती पाडून त्यावर तीच पाटी लावली होती. २०११ च्या आवृत्तीत मूळ बास आणि ड्रम्स परत आले.

त्या अनुभवानंतर माझा एक साधा नियम झाला. नव्या अल्बमबद्दल कुणी तावातावानं बोलू लागलं की मी विचारतो, जुना मिळतोय ना? मिळत असेल, तर बाकी आवडीनिवडीचा प्रश्न.

७. काही वेळा दुरुस्ती हवीच असते.

नॉर्वेच्या डिमू बोर्गिरचा १९९६ चा 'स्टॉर्मब्लोस्ट' बरेच चाहते डोक्यावर घेतात. त्यातला एक सुंदर वाद्यतुकडा प्रत्यक्षात 'अ‍ॅगनी' या अमिगा संगणकावरच्या खेळाच्या संगीतातून उचललेला निघाला. २००५ मध्ये बँडनं अल्बम नव्यानं केला तेव्हा तो तुकडा गाळून त्याच नावाचा 'भाग दोन' घातला. उचललेलं परत केलं म्हणून कुणी रडू नये. तरीही रडणारे मी पाहिलेत.

दुसरं उदाहरण अधिक हळवं. कार सीट हेडरेस्टच्या विल टोलेडोनं १९ व्या वर्षी, २०११ मध्ये, घरगुती साधनांवर 'ट्विन फँटसी' केला. २०१८ मध्ये पुऱ्या बँडसह तो पुन्हा केला आणि काही शब्दही बदलले. पोरवयात लिहिलेल्या पत्राचा मोठेपणी केलेला पक्का खर्डा. मला दोन्ही आवडतात. पण जुनी वही त्यानं फाडली नाही, दोन्ही ऐकायला मिळतात, म्हणून हे मी इतक्या सहज म्हणू शकतो.

८. आपल्याआधी नवं ऐकलेल्या माणसाला मूर्ख समजू नये.

माझी भाची टेलर स्विफ्टची चाहती. पुन्हा रेकॉर्ड केलेले अल्बम तिच्या पिढीला नवे नाहीत. तिच्या लेखी ती हक्काची लढाई आहे. गेल्या वर्षी तिनं माझ्या संग्रहातून एक्झोडस ऐकायला घेतला आणि नेमका २००८ चा उचलला. आवडला. आठवडाभरानं मी मोठ्या थाटात १९८५ चा लावून दिला. दोन गाणी ऐकून तिनं हेडफोन काढले. "मामा, याचा घसा बसलाय का?"

पंधरा वर्षांपूर्वी मी व्याख्यान दिलं असतं. या वेळी मला मावसभावानं आणलेली सीडी आठवली: संथ आहे, दम नाही. तिचं मूळ २००८ चं आहे. ते माझ्या मुळापेक्षा कमी अस्सल आहे, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? माझं तर अर्धा सूर चढं होतं.

"ऐक पुढे," एवढंच म्हणालो. हेडफोन काढून स्पीकर लावला, दोघं ऐकत बसलो. सातवं गाणं संपलं. आठवं सुरू झालं आणि माझा हात आपसूक पुढे गेला, कॅसेट उलटवायला. भाचीनं विचारलं, "काय झालं?" गाणं न थांबता पुढे चाललं होतं.