कापसाच्या खोलीतली धामण

प्रश्न : कापसाच्या खोलीत पिवळसर, लांबलचक साप फिरतो. मारावा का? – एक वाचक, बोरी अरब (ता. दारव्हा)

उत्तर : वर्णनावरून धामण वाटते, मारू नका. सरकी-तुरीमागे उंदीर येतात, उंदरांमागे धामण. औषधाची गोळी बिळाच्या तोंडाशीच राहते. धामण आत शिरून पिल्लांसकट फडशा पाडते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात, पण सापाच्या जबड्याला दूध ओढताच येत नाही. ‘नाग निघाला तर?’ ही शंका मात्र रास्त. धामणीचे डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, फणा नाही. नुसत्या रंगावर जाऊ नका, नागही पिवळसर असतो. खात्री नसेल तर लांबूनच नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. चावलाच, तर ओळख पटवत न बसता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.