भूगोल घेतला, पुढे काय?

मुलीने पदवीला भूगोल घ्यायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न नोकरीचा. आता त्यात भर पडली आहे: नकाशे एआयच काढणार, मग माणूस कशाला?

काळजी रास्त आहे. नवशिक्यांना पहिलं काम मिळायचं ते डिजिटायझिंगचं. उपग्रहचित्रातलं एकेक घर, रस्ता, शेततळं माऊसने गिरवत बसायचं. ते आता यंत्र काही मिनिटांत करतं. 2023 मध्ये नासा आणि आयबीएमने 'पृथ्वी' हे उपग्रहचित्रं वाचणारं एआय मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. पूर किंवा पिकं ओळखायला ते शिकवता येतं. म्हणून नुसती सॉफ्टवेअरची बटणं शिकवणाऱ्या कोर्सवर पैसे घालू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

पण यंत्र कुठे फसतं तेही पाहा. सह्याद्रीच्या कड्याची गडद सावली त्याला पाणी वाटू शकते. कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं पठार, उन्हाळ्यातल्या चित्रात नुसता उघडा कातळ दिसतो, त्यामुळे त्याच्यावर 'पडीक' असा शिक्का सहज बसतो. पावसाळ्यात त्याच सड्यावर रानफुलं उमलतात, गुरं चरतात. रत्नागिरीत तर अशा सड्यांवर कातळशिल्पं आहेत. एकदा नकाशात 'पडीक' लागलं की ती जागा कुणालाही मोकळी वाटते. हा शिक्का खोडून काढायला सडा पायाखालून घातलेला, तिथल्या लोकांशी बोललेला माणूसच लागतो. माझ्या मते पुढची खरी मागणी याच माणसाला आहे. पुराचंही तेच: उपग्रहावरचं रडार ढगांपलीकडचं टिपतं, पण उंच उसात साचलेलं पाणी त्याच्याही नजरेतून सुटू शकतं. आपत्ती व्यवस्थापन असो, नगररचना असो की पीकविमा, चुकीच्या नकाशाची किंमत माणसं मोजतात.

भूगोलाच्या जोडीला संख्याशास्त्र आणि पायथनमधलं प्रोग्रॅमिंग हवंच. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल-2 उपग्रहांची 10 मीटर तपशिलाची चित्रंही फुकट मिळतात. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन वर्ग असतात. मुलांनी आपल्याच तालुक्याचा नकाशा यंत्राकडून करून घ्यावा, मग वहीपेन्सिल घेऊन शिवारात जावं आणि चुका शोधाव्यात.

पालकांनी कॉलेजात चौकशी करताना क्षेत्रभेटी खरंच होतात का, मुलं तिथे स्वतः मोजमाप करतात का, हे आधी विचारावं. संगणक किती आहेत ते नंतर.