खिडकीचे ऊन आणि खिडकीचा वारा

मुंबईच्या जुन्या इमारतींत खोल्या लहान, पण खिडक्या मोठ्या. सागवानी चौकट, लोखंडी गज आणि दोन झडपा. झडपा भिंतीला टेकवल्या की सबंध खिडकी उघडी. गिरगावात, लालबागला, दादरला अशी घरे अजून आहेत.

आता ही खिडकी म्हातारी झाली. बिजागरी कुरकुरते. पावसाळ्यात झडप लागत नाही आणि उन्हाळ्यात फटीतून धूळ येते. मग घरात बोलणे निघते, "काढून टाकू या हे लाकूड! सरकत्या काचांची खिडकी बसवू."

थांबा. आधी टेप घ्या आणि खिडकी मोजा.

समजा, घर एका खोलीचे आहे. १२ फूट लांब, १० फूट रुंद. १२ गुणिले १० म्हणजे १२० चौरस फूट. केंद्र सरकारने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' नावाची नियमावली काढली. ती नव्या इमारतींसाठी आहे, पण तिच्यातला एक आकडा आपल्याही कामाचा आहे. मुंबईसारख्या उष्ण आणि दमट हवेत घराच्या जागेच्या सहाव्या हिश्शाइतकी जागा वाऱ्यासाठी उघडता आली पाहिजे. १२० चा सहावा हिस्सा किती? २०.

आपली जुनी खिडकी ५ फूट उंच, ४ फूट रुंद. ५ गुणिले ४ म्हणजे २०. बरोबर जमले! आता तिथे सरकती खिडकी बसवली. एक काच दुसरीच्या मागे सरकते, चौकटीबाहेर काही जात नाही. मग खिडकी उघडली किती? अर्धी. २० चे १० झाले. पैसे गेले आणि अर्धा वाराही गेला. नवी खिडकी घ्यायचीच असेल तर दाराप्रमाणे उघडणारी घ्या. आणि वाऱ्याला यायला वाट लागते तशी जायलाही लागते, हे विसरू नका. समोरचा झरोका खोक्यांनी बुजवला असेल तर तो आजच मोकळा करा. त्याला पैसा पडत नाही.

हे झाले वाऱ्याचे. आता ऊन.

खिडकीवर छज्जा असतो. सूर्य डोक्यावर असताना त्याची सावली पडते. मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांवर सिमेंटची आडवी पट्टी पुढे आलेली दिसते, कपाळावरच्या भुवईसारखी. ती ऊन-पाऊस अडवते. पण खिडकी पश्चिमेची असली तर? दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि ऊन छज्ज्याखालून थेट अंथरुणावर येते. पूर्वेला हेच सकाळी होते. ज्यांना कामाला बाहेर जायचे, त्यांना याचे काही वाटत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला विचारा, बाळंतिणीला विचारा, घरातल्या आजीला विचारा. दिवसभर त्या खोलीत तेच असतात.

आपण काय करतो? आतून जाड पडदा लावतो. दुपारी चार वाजता त्या पडद्याला हात लावून पाहा. तापलेला असतो. ऊन काचेतून आत आले, पडद्यावर पडले, पडदा तापला, आणि त्याची बरीचशी ऊब खोलीतच राहिली. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवायचे. बाहेर बांबूचा चिक सोडा. तोही तापेल, पण त्याची ऊब बाहेरच्या बाहेर जाईल. काही जुन्या झडपांना तिरप्या लाकडी पट्ट्या असतात. त्या हेच काम करतात. ऊन अडते, वारा येतो. अशी झडप भंगारात देणे म्हणजे शुद्ध नुकसान.

नागपूरकडचे पाहुणे सांगतील, वाळ्याचा ओला पडदा लावा. तिकडे हवा कोरडी. पाणी वाळते आणि वाळताना हवेची उष्णता घेते. मुंबईत ते लवकर वाळत नाही. उलट खोली चिकट होते.

झडपेचे काम सुताराला सांगा, पण भर पावसात नको. लाकूड तेव्हा फुगलेले असते. फुगलेल्या झडपेवर फार रंधा मारला तर उन्हाळ्यात ती आकसते आणि बोटभर फट पडते. दिवाळीनंतर लाकूड सुकले की बिजागऱ्या बदला, भेगांत लांबी भरा, कडांनासुद्धा रंग द्या. कडा कोऱ्या राहिल्या की पाणी तिथूनच शिरते.

घरात वातानुकूलन यंत्र असेल तर मात्र फटी बुजवल्याच पाहिजेत. रबरी पट्टी पुरते. एक टनाचे यंत्र चालताना साधारण १,००० वॅट वीज ओढते, छताचा जुना पंखा सुमारे ७५. थंड हवा फटीतून बाहेर गेली की यंत्र जास्त चालते आणि बिल आपल्याला येते. दुकानदार दुहेरी काच सुचवील. रस्त्याचा आवाज कमी करायला ती चांगली, पण महाग. आणि ती उपयोगी पडते खिडकी बंद असताना. ज्या घरात खिडकी दिवसरात्र उघडी, तिथे ती कशाला?

चिक लावण्यापूर्वी घरमालकाला किंवा सोसायटीला विचारा. तो पक्क्या हुकांना बांधा आणि जूनचा वारा सुटण्याआधी उतरवून ठेवा. खाली रस्त्यावर माणसे चालत असतात.